अर्धा मेंढा, अर्धा रेडा

"डोळे शेवटी. आधी शिंगं, मग कान, मग नाक, मग जबडा. डोळे अगदी शेवटी उघडायचे आणि ते उघडताना तोंड मिटून ठेवायचं. सगळे डोळे उघडून झाले, की मग तोंड उघडायचं. लक्षात राहील?"

लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला हे सांगितलं. त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले होते. मी मान हलवली.

"मान काय हलवतेस? अजून कुठे डोळे चालू झालेत? बोल की."

"राहील लक्षात," मी म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

दुसऱ्यांदा म्हणायचा मला धीर झाला नाही. त्या हसल्या आणि पुन्हा मातीकडे वळल्या.

आमचं घर ओताऱ्यांचं. लुओ नदीच्या काठी ओतशाळा आहे, तिथे माझे यजमान मेंग तांबं आणि कथील वितळवतात, धाकटे दीर हान साचे जोडतात आणि मी साच्यांच्या आतली नक्षी कोरते. थोरामोठ्यांच्या घरी पितरांना वाढायची पात्रं आमच्याकडून जातात. पात्रावर समोर आणि मागे एकेक श्वापदमुख असतं, त्याच्याभोवती ढगांची बारीक वळणं. साच्यात जे खोल, ते पात्रावर उठून येतं. डोळा म्हणजे मातीत अंगठ्याएवढा खड्डा. साचा भाजून निघाला की त्या खड्ड्यांत राख आणि कण बसलेले असतात. ते बांबूच्या काडीनं आणि केसांच्या कुंचल्यानं शेवटचे साफ करायचे, याला आमच्यात डोळे उघडणं म्हणतात. तेव्हा बोललं तर बोलणं त्या तोंडात जाऊन बसतं, असं सासूबाई सांगायच्या. आणि थोड्या वेळानं हेही सांगायच्या, की बोलताना थुंकी उडते, ओल्या साच्यावर तांबं उसळतं आणि मेंगच्या भुवया जळतात. दोन्ही कारणं त्या सारख्याच गंभीरपणे सांगत.

त्यांना जाऊन तीन हिवाळे झाले. आमच्यात गेलेल्या माणसाला दहा वारांतला एक वार मिळतो. त्यांच्या वाट्याला शिनवार आला, म्हणून आता आम्ही त्यांना आई शिन म्हणतो. दहा वारांतून एकदा त्यांचा वार येतो, त्या दिवशी मी पालेभाजीशिवाय काही खात नाही. एरवी रोज सकाळी राळ्याचा भात शिजला की पहिला डाव त्यांच्या मातीच्या वाडग्यात, मग घरातल्यांच्या. यात एक दिवसही खंड पडलेला नाही. हान मात्र दर सकाळी कुरकुरतात.

"आई होती तेव्हा मी तिच्या आधी जेवायचो, वहिनी. तिनं कधी तक्रार केली नाही."

"करायच्या. तुम्ही चावत असायचात, म्हणून ऐकू यायचं नाही."

हान म्हणजे हाताला गुण आणि तोंडाला विश्रांती नाही. किती नेम धरले आणि तिसऱ्या दिवशी सोडले, त्याची गणतीच नको. सासूबाईंनी शेवटच्या दिवशी माझा हात धरून एवढंच मागितलं होतं, की धाकट्याला डोळ्यांसमोर ठेव, लांब जाऊ देऊ नकोस. मी हो म्हटलं होतं, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं होतं.

त्या वर्षी उत्तरेच्या रस्त्यावरच्या मोठ्या घरातून काम आलं. त्या घरच्या सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, त्यांचा वार यी. मागे दोन सुना. थोरल्या ज्यांगबाईंना पात्रावर मेंढ्याची वळलेली शिंगं हवी होती, कारण घरातली जुनी पात्रं तशीच. धाकट्या गुईबाईंना रेड्याची हवी होती, कारण सासूबाईंना मेंढ्यांचा वास सोसत नसे. हा वाद अख्खा वसंत चालला. अखेर दोन पात्रं करायची ठरली, एक मेंढ्याचं, एक रेड्याचं, आणि दोन्ही अगदी एका मापाची. ज्यांगबाई येऊन दोरीनं माप देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी गुईबाई आल्या, त्यांनी त्याच दोरीनं माप घेतलं आणि मग ती दोरीही मापून पाहिली.

"या दोघी पितरांना जेवायला घालणार आहेत की वजन करायला बसवणार आहेत?" हान म्हणाले. गुईबाई अजून दारातच होत्या.

एका पात्राला साच्याचे चार तुकडे. प्रत्येक तोंड नाकाच्या रेषेवर दोन तुकड्यांत विभागलेलं असतं, म्हणजे एका तुकड्यात एक शिंग, एक कान, एक डोळा. दोन पात्रांचे आठ तुकडे झाले, डोळे आठ. मेंढ्याच्या तुकड्यांवर मी बाहेरून एक रेघ मारली होती, रेड्याच्या तुकड्यांवर दोन.

ओतायचा दिवस डिंगवार होता. भाजलेले तुकडे दोन ओळींत मांडले होते. मी मेंढ्याच्या ओळीचे चारही डोळे उघडले, रेड्याच्या ओळीतले तीन उघडले आणि शेवटचा तुकडा मांडीवर घेतला. आठवा डोळा चालू असतानाच हान रेड्याचा साचा आतल्या मातीच्या गाभ्याभोवती जोडायला बसले. तीन तुकडे लागले. चौथ्यासाठी ते इकडेतिकडे पाहू लागले आणि मेंढ्याच्या ओळीतला कडेचा तुकडा त्यांनी उचलला.

"हा तिकडे कसा गेला? दोन रेघा आहेत याच्यावर," असं म्हणून त्यांनी तो बसवायला घेतला.

दुसरी रेघ नव्हती ती. भट्टीत त्या तुकड्याला एक बारीक चीर गेली होती, माझ्या रेघेच्या अगदी शेजारून. मी हनुवटी उचलून त्या तुकड्याकडे खूण केली.

"पाणी हवंय?" म्हणत हाननी पाण्याचा भोपळा आणून माझ्याजवळ ठेवला.

मी मान हलवली आणि पुन्हा हनुवटीनं दाखवलं.

"दादा," ते भट्टीकडे ओरडले, "वहिनी म्हणतायत भाता जोरात ओढा."

मेंग भाता जोरात ओढू लागले. मी डोळ्याच्या तळातला शेवटचा कण काढला, कुंचला फिरवला आणि तोंड उघडलं. तोवर रेड्याचा साचा बंद होऊन त्यावर चिखल लिंपून झाला होता.

"भावोजी, तो चौथा तुकडा तिकडचा होता."

"इकडचाच आहे, वहिनी. रेघा मोजून लावलाय. द्या तो तुमच्या हातातला, एकच उरलाय, तो मेंढ्याचा."

"पण मला वाटतं..."

"ज्योत निळी झाली," भट्टीवरून मेंग म्हणाले. "लवकर करा. तांबं थांबायचं नाही."

माझ्या मांडीवरचा तुकडा रेड्याचा होता. माझ्या बोटांना ते माहीत होतं. पण साच्यात सगळं उलटं आणि खोल असतं, धूर झाला होता, आठ खड्ड्यांत पाहून माझी नजर शिणली होती आणि हान इतक्या खात्रीनं बोलत होते, की मलाच माझी खात्री वाटेना. एकदा म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा मी म्हणाले नाही. तुकडा त्यांच्या हातात दिला.

दोन दिवसांनी, जीवारी, साचे फोडले. नवं कांसं मधासारखं पिवळं दिसतं. ते पाहिलं की पहिल्यांदा पाहिल्यासारखा आनंद होतो. पहिल्या पात्रावर समोर मेंढा, शिंगांची वळणं सुरेख उतरलेली. दुसऱ्यावर समोर रेडा, डोळे कसे टपोरे. हाननी मातीचं ढेकूळ उडवत मला म्हटलं, "बघा. आणि तुम्ही उगाच..."

मग त्यांनी पात्र फिरवलं.

मागच्या तोंडाला नाकाच्या एका बाजूला मेंढा होता, दुसऱ्या बाजूला रेडा. एक शिंग कानाभोवती गोल वळलेलं, दुसरं सरळ वर गेलेलं. दुसरं पात्र फिरवलं तर तिथेही तेच. हान गप्प झाले. मी या घरात आल्यापासून ते असे कधी गप्प झालेले पाहिले नव्हते, आणि मला त्याची भीती वाटली.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "या कडेनं पाहिलं तर मेंढा आहे. त्या कडेनं पाहिलं तर रेडा आहे. मधोमध उभं राहून बघायची कुणाला गरजच काय?"

मेंग वाळूच्या ढिगावर बसले. "हे तिसरं," ते म्हणाले.

ते खरं होतं. उन्हाळ्यात हानच्या हातून एका पात्राचा पाय वाकडा आला होता आणि एकाचा गाभा सरकला होता. ओतशाळेच्या मुकादमांनी तेव्हाच बजावलं होतं, की तिसरं काम बिघडलं तर हानला दक्षिणेच्या तांब्याच्या डोंगरावर खनिज वाहायला धाडू. तिथे गेलेली माणसं चार-पाच वर्षांनी परततात, तीही सगळी नाहीत. नवे साचे करायचे तर माती सुकायलाच एक ऋतू जातो. आणि मोठ्या घरी नव्या राळ्याचा नैवेद्य येत्या यीवारीच होता, सहा दिवसांवर.

आम्ही दोन्ही पात्रं घासून लख्ख केली. मग मेंगनी हळूच विषय काढला.

"नैवेद्याच्या वेळी समोरची बाजू घरच्यांकडे असते. ती चांगली आहे. मागची भिंतीकडे जाईल. भिंत कशाला तक्रार करतेय?"

"अहो, भिंतीकडे तर त्या घरच्या आई यी बसलेल्या असतात," मी म्हणाले.

"हं," मेंग म्हणाले.

"जिवंत माणसांपासून लपवून जिला वाढायचं तिच्याच पुढे ते तोंड ठेवायचं?"

"हं," ते पुन्हा म्हणाले. पण या वेळच्या हुंकारात ते माझ्या बाजूला आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडग्यात भात वाढताना सासूबाईंचा आवाज अगदी कानाशी आला. डोळे उघडून झाले, की मग तोंड उघडायचं. इतकी वर्षं मी त्यांच्या शिकवणीचा पहिला भाग मोठ्या निष्ठेनं पाळला होता आणि तेवढ्यावर समाधान मानलं होतं. दुसऱ्या भागाकडे माझं लक्षच नव्हतं.

जियावारी, म्हणजे नैवेद्याच्या आदल्या दिवशी, मी दोन्ही पात्रं चटईत गुंडाळून मोठ्या घरी गेले. हान ती उचलून दारापर्यंत आले. आत यायचा हट्ट धरून बसले होते, पण मी म्हटलं, "तुम्ही आलात तर मला बोलायला जागा मिळायची नाही."

अंगणात नवं राळं वाळत पडलं होतं. ज्यांगबाई आणि गुईबाई त्याच्या दोन टोकांना बसून कोंबड्या हाकत होत्या, जी ती आपल्या टोकाच्या. ओसरीवर त्यांचे पाओकाका बसले होते. घरातले सगळे विधी तेच सांगतात आणि पितरांचं म्हणणंही तेच बोलून दाखवतात. मी पात्रं मांडली. समोरची बाजू पाहून दोघी खूश झाल्या. गुईबाई तर वाकून रेड्याच्या डोळ्यात डोळा घालून आल्या.

"बाईसाहेब, मागे चूक झाली आहे," मी म्हणाले.

"काय?" ज्यांगबाईंनी कानामागे हात नेला.

"मागे चूक झाली आहे," मी दुसऱ्यांदा म्हणाले, मोठ्यानं. कोंबड्यासुद्धा थांबल्या असं मला वाटलं. मग मी पात्रं फिरवली आणि सगळं सांगितलं, रेघ आणि चीर, आणि मला दिसलं होतं तरी मी पुन्हा बोलले नाही तेही.

ज्यांगबाई एका पात्राभोवती फिरल्या, मग दुसऱ्याभोवती.

"माझा रेडा कुठाय?" गुईबाईंनी विचारलं.

"एक शिंग जाऊबाईंच्या पात्रात गेलंय, बाईसाहेब."

"म्हणजे यांचा मेंढा माझ्या पात्रात शिरला."

"शिरेल कशाला?" ज्यांगबाई म्हणाल्या. "तुझ्या रेड्यानं ओढून नेला असेल. सवय आहे या घरात."

"कसली सवय?"

"माझा कंगवा कुठाय?"

"तो कंगवा सासूबाईंनी मला दिला होता."

"उसना."

"अहो, भांडू नका," पाओकाका ओसरीवरून म्हणाले. "पितर भिंतीकडून येत नाहीत आणि दाराकडूनही येत नाहीत. ते वाफेतून येतात, वरून. वरून त्यांना काय दिसणार? भात. शिंगं बघायला कुणाला वेळ आहे?"

"मग आम्ही वसंतभर भांडलो कशाला?" गुईबाई म्हणाल्या.

"तेच मी वसंतभर विचारत होतो."

ज्यांगबाईंनी पात्राच्या त्या विचित्र तोंडावर बोट फिरवलं, आधी वळलेल्या शिंगावरून, मग सरळ शिंगावरून. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"दुसरी पात्रं नाहीत, तेव्हा उद्या हीच मांडायची. सासूबाईंना चालली तर ठेवू. नाही चालली तर वितळवायला परत पाठवू, आणि मुकादमांना काय ते कळवावं लागेल. तू आपण होऊन सांगितलंस म्हणून माझा राग नाही. पण पात्रं माझी नाहीत, त्यांची आहेत. त्यांनाच ठरवू दे."

"त्यांचं ठरलेलं कळणार कसं?"

"बसणारच आहेत ना उद्या त्या," ज्यांगबाई म्हणाल्या. "तूही ये. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहा."

बसणार होती ती त्या घरची नातसून युन. गेलेल्या बाईच्या जागी नातसुनेनं बसायचं, तिची वस्त्रं नेसायची, तिच्या वतीनं जेवायचं. तेवढ्या वेळापुरती ती नातसून नसते. युन वसंतात लग्न होऊन आलेली. तीन दिवस ती वेगळ्या खोलीत, स्नान करून, कमी बोलून स्वतःला तयार करत होती. तशीही ती बोलत नसे. या घरात तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेलाच नव्हता.

मी घरी येऊन हे सांगितलं तसं हान म्हणाले, "ती तुमच्यासारखीच गरीब दिसते. जाऊन जरा कानात सांगा ना तिला, की बाई, तोंड वाकडं करू नकोस."

"तिच्या कानात सांगायचं म्हणजे आई यींच्या कानात सांगायचं. ते मी करणार नाही."

"मग मी तांब्याच्या डोंगरावर जाणार."

"तसं झालं तर मी सासूबाईंना काय तोंड दाखवू, हे मलाही कळत नाही," मी म्हणाले. हाननी पुढे काही चेष्टा केली नाही.

संध्याकाळची भांडी घासायला मी अंगणात होते. आत कोपऱ्यात वाडग्यापुढे हान बसल्याचं मला दिसलं. आपण होऊन ते तिथे कधी बसत नाहीत.

"आई," ते म्हणत होते, "तुझी सून करते तसे रोजचे नेम मला जमत नाहीत, तुला माहीत आहे. पण मी इथेच राहिलो, तर येत्या शिनवारी पलीकडच्या टेकडीवरची बोरं तुझ्यासाठी मी आणीन. पहाटे निघेन. आणि जाऊन येईपर्यंत एक शब्द बोलणार नाही."

मी दारातून म्हटलं, "भावोजी, जमेल तेवढंच बोला. वाटेत नावाडी भेटतो. धुणं धुणाऱ्या बायका भेटतात. तुमचा मित्र सुईही तिथेच राहतो."

"म्हणूनच तर हे बोललो," हान म्हणाले. "सोपं काही दिलं असतं तर तिनं घेतलं नसतं."

यीवारी सकाळी मी मोठ्या घरच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आतल्या दालनात भिंतीपाशी चटईवर युन बसली होती. आई यींचा काळा-तांबडा झगा तिला खांद्यावर मोठा होत होता. ती हलत नव्हती. समोर घरची सगळी माणसं ओळीनं वाकली. ज्यांगबाईंचे यजमान, गुईबाईंचे यजमान, आणि शेवटी युनचा नवरा. काल तिला अगं-तुगं करणारा तो आज तिच्यापुढे कपाळ टेकून 'आजी' म्हणत होता. मला वाटलं, युनच्या हनुवटीशी काहीतरी हललं. पण ती सावरली.

मग दोन्ही पात्रं आली. ती शेजारी शेजारी ठेवली गेली, चांगली तोंडं आमच्याकडे, दुसरी तिच्याकडे. वाफ वर गेली. नव्या राळ्याचा वास दालनभर पसरला. पात्रांच्या अलीकडे ज्यांगबाई आणि गुईबाई डाव घेऊन बसल्या. आधी कुणी वाढायचं हे ठरलं नव्हतं, म्हणून दोघींनी एकदमच वाढलं, आणि दोघींचे डाव एकमेकांना लागून वाजले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कपाळावर सारखीच आठी.

युननं एक घास तोंडात घातला आणि नजर वर केली. तिच्यापुढे ती दोन तोंडं होती, एकमेकांची शिंगं उसनी घेतलेली, डोळे वटारून बसलेली. त्यांच्या बरोबर वर दोन जावांची तोंडं होती, तीही डोळे वटारून बसलेली. ती खाली पाही, मग वर पाही. मग पुन्हा खाली.

हसू आधी नाकातून आलं. कुणाला वाटलं शिंक आली. मग ते फुटलंच. ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मागे रेलून, मोठ्यानं हसली आणि राळ्याचे दाणे ज्यांगबाईंच्या बाहीवर जाऊन पडले.

माझे डोळे मिटले गेले. दक्षिणेची वाट कशी असते ते मी कधी पाहिलेलं नाही, पण तेव्हा मला ती दिसली.

पाओकाका उठले. पितरांचं मन काय आहे ते सांगायचं काम त्यांचं होतं. त्यांनी घसा साफ केला, आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ साफ केला.

"आई यी हसल्या," ते म्हणाले. "आई यींचं पोट भरलं, मन भरलं. या घराला त्या आशीर्वाद देतात." मग खाली बसताना हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

ज्यांगबाई बाहीवरचे दाणे न झटकता तशाच बसल्या होत्या.

"त्या अशाच हसायच्या," त्या म्हणाल्या. "आधी नाकातून."

"आपण भांडायला लागलो की," गुईबाई म्हणाल्या, आणि बाहीनं डोळे पुसायला लागल्या. "भिंतीला टेकायच्या आणि गुडघे धरायच्या. असेच."

"कंगवा उसना नव्हता," थोड्या वेळानं ज्यांगबाई म्हणाल्या. "तुलाच दिला होता. मला ठाऊक होतं."

"मला तरी काय, मेंढा चालला असता."

पुढचा डाव वाढताना ज्यांगबाईंनी गुईबाईंच्या पात्रातला भात घेतला आणि गुईबाईंनी ज्यांगबाईंच्या. नैवेद्य आटोपल्यावर ज्यांगबाई माझ्याजवळ आल्या.

"दोन्ही ठेवायची. आणि मांडताना ही बाजू नेहमी तिकडेच, त्यांच्याकडे. मुकादमांना निरोप पाठवते, काम पसंत आहे म्हणून."

मी वाकून नमस्कार केला. या वेळी मात्र बोलायची गरज नव्हती.

मी निघणार तोच युन झगा उतरवून मागच्या दारानं आली. लहानखुरी मुलगी, गालांवर अजून लाली होती.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते. हसू मला आलं, ते खरं. मी ते दातांनी धरलंही होतं. पण नंतर जे हसले, ते मी नव्हते. मला तसं हसताच येत नाही."

"मग ठीक आहे की."

"कुणाला सांगू नका."

"यातलं कोणतं सांगू नको?"

ती हसली. मी नीट ऐकलं. हे हसू तोंडातून आलं होतं, लहानसं, आणि लगेच विरून गेलं. मी घरी जाईपर्यंत वाटेवर दोनदा थांबून हात जोडले.

हानना बातमी सांगितली तेव्हा त्यांनी मेंगना उचलून वाळूच्या ढिगावर टाकलं आणि दुपारपर्यंत ओतशाळेतल्या प्रत्येकाला युन कशी हसली ते करून दाखवलं. मुकादमांनाही दाखवलं म्हणे. चौथ्या दिवसापर्यंत त्या गोष्टीत पाओकाका पडले होते आणि कोंबड्या दालनात आल्या होत्या. बोरांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही आठवण केली नाही. नेम दुसऱ्यानं आठवून द्यायचा नसतो. शिनवारच्या आदल्या दिवसापर्यंत मला वाटू लागलं होतं, की उद्या टेकडीवर आपणच जावं. सासूबाईंना बोरं मिळाली म्हणजे झालं.

शिनवारी मी उठले तेव्हा नदीवर धुकं होतं. चूल पेटवून राळं धुवायला बाहेर आले, तर अंगणात हान उभे. हलवून हलवून उठवावं लागणारे हान. केस नीट बांधलेले, हातात टोपली.

"भावोजी," मी म्हणाले, "थांबा, काही खाऊन..."

त्यांनी ओठ मिटलेले ठेवले आणि हनुवटी उचलून आत कोपऱ्याकडे खूण केली, जिथे वाडगं अजून रिकामं होतं. मग हनुवटीनंच नदीकडे दाखवलं.

मला दोन्ही खुणा कळल्या. मी बाजूला झाले.

उताराखाली नावाडी होडीतलं पाणी उपसत होता. "काय हान, आज सूर्याच्या आधी?" तो ओरडला. "भावानं घराबाहेर काढलं की काय?"

हाननी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे जरासे उचलले गेले, एवढं सुरेख उत्तर ओठांवर आलेलं असणार. ते त्यांनी गिळलं, टोपली काखेत धरली आणि धुक्यातून होडीकडे चालू लागले.